अल्झायमरच्या घरी तरुण स्वयंसेवक: आधार की आणखी एक व्याप?

सांजदिवा

अल्झायमरच्या रुग्णांसाठी तरुणांनी स्वयंसेवा करावी म्हटलं की एक ठरलेलं चित्र डोळ्यांसमोर येतं. दहा-बारा मुलं येतात, गाणी म्हणतात, सुरकुतलेला हात हातात घेऊन फोटो काढतात आणि जातात. 21 सप्टेंबरला, जागतिक अल्झायमर दिनी, हे हमखास घडतं. त्याला माझा विरोध आहे. तरीही तरुणांनी या कामात उतरावं असं मला मनापासून वाटतं, म्हणून हा धागा काढतोय.

या आजारात घरातला एक माणूस, बहुतेकदा पत्नी किंवा मुलगी, चोवीस तास अडकून पडतो. सल्ला आणि सहानुभूती तिला भरपूर मिळते. मिळत नाहीत ते सलग दोन तास. तासाभरात जाऊन-येऊन काहीच उरकत नाही. आणि हे दोन तास ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी मिळाले तरच ती स्वतःच्या दुखऱ्या दाताची वेळ घेऊ शकते किंवा शांत झोपू शकते. 'जमेल तसं येऊ' म्हणणाऱ्याच्या भरवशावर कुणी डॉक्टरची वेळ घेत नाही.

म्हणून माझं म्हणणं असं: स्वयंसेवक सांभाळणाऱ्या माणसासाठी पाठवा. वय 18 च्या पुढे, दोघांची जोडी, आठवड्यातून एकदा दोन तास, किमान सहा महिने. पहिल्या तीन भेटींत घरचं माणूस घरातच थांबेल, चौथ्या भेटीत अर्धा तास बाहेर जाईल, त्यानंतर पूर्ण दोन तास. औषध देणं, आंघोळ घालणं, भरवणं, उचलणं आणि पैशांना हात लावणं या पाच गोष्टी स्वयंसेवकाने करायच्या नाहीत.

विरोध असेल तर मोकळेपणाने लिहा, पण कारणासकट.

तिसरी पाळी

माझा विरोध आहे. कागदावर हे छान दिसतं. प्रत्यक्षात पहिल्याच तासात मोडतं, आणि मोडतं ते शौचापाशी.

मधल्या टप्प्यातला रुग्ण 'मला लघवीला जायचंय' असं सांगेलच असं नाही. तो उठतो, बसतो, पुन्हा उठतो, कमरेशी कपडा चाचपतो, खोलीच्या कोपऱ्याकडे बघत राहतो. जाणकाराला लगेच कळतं. नवख्या मुलाला वाटतं की आजोबा अस्वस्थ झालेत, बसवूया. खांद्यावर हात ठेवून तो त्यांना खाली बसवतो. ते हात झटकतात. मुलगा म्हणतो, 'आजोबा चिडले.' चिडले नाहीत हो, त्यांची अडचण कुणाला कळली नाही! पुढे कपडे ओले होतात, फरशी ओली होते, आणि ओल्या फरशीवर पाय घसरून खुब्याचं हाड मोडलं की त्या घराचं पुढचं वर्ष गेलंच समजा.

दुसरं, विद्यार्थी मोकळे कधी? संध्याकाळी. रुग्णांची सर्वांत वाईट वेळ कोणती? पुष्कळांच्या बाबतीत तीच. दिवसभराचा शीण, कमी होत जाणारा उजेड, लांबलेल्या सावल्या, बिघडलेलं झोपेचं घड्याळ, सगळं एकदम अंगावर येतं. सर्वांत अवघड वेळेला सर्वांत अननुभवी माणूस नेमायचा, हे मला पटत नाही.

आणि खरा धोका वेगळाच आहे. फुकटचे हात आहेत म्हटल्यावर प्रशिक्षित, पगारी मदतनिसांसाठी पैसा उभा करायची निकड कुणालाच वाटत नाही.

सांजदिवा

शौचाचा मुद्दा खरा आहे, त्यावर उपायही आहे. घरचं माणूस बाहेर पडण्याआधी दहा-पंधरा मिनिटं रुग्णाला संडासला नेऊन आणायचं. संडासाचा दिवा चालू, दार उघडं, वाटेत पायपुसणं नको. गडद रंगाचं पायपुसणं अनेकांना खड्ड्यासारखं दिसतं आणि ते त्यावर पाय टाकायलाच तयार होत नाहीत. अस्वस्थपणा दिसला की आधी तिकडे घेऊन जायचं, बसवायचं नाही. कपडे सोडायला मदत लागत असेल तर ते घर स्वयंसेवकांसाठी नाही, हे नोंदणीच्या वेळीच ठरतं.

म्हणजे ही सोय सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्याच्या पहिल्या भागासाठीच आहे. गिळायला त्रास होतोय, उठवायला दोन माणसं लागतात, अशा घरी मी कुणालाही पाठवणार नाही.

वेळ सकाळी दहा ते बारा. सुटीच्या दिवशी विद्यार्थ्यांना ती सहज जमते. संध्याकाळ घ्यायचीच नाही.

अर्धविराम

मी दोघांच्याही विरुद्ध बाजूला आहे. तरुणांना त्या खोलीत बसवायचंच कशाला? त्यांना जे येतं ते त्यांच्याकडून करून घ्या. चार कामं सांगतो, एकातही रुग्णाला हात लावावा लागत नाही.

पहिलं, औषधांचा एकच तक्ता. औषधाचं नाव, मात्रा, वेळ, कुठल्या डॉक्टरने कशासाठी दिलं. सर्दीची, झोपेची, लघवीची औषधंही त्यात हवीत, कारण त्यांतली काही मेंदूतल्या ॲसिटाइलकोलीन या आठवणीला लागणाऱ्या रसायनाला अडवतात आणि गोंधळ वाढवतात. अल्झायमरवरचं डोनेपेझिल हे औषध नेमकं तेच रसायन टिकवायला धडपडत असतं. एक औषध दुसऱ्याच्या पायात पाय घालतंय, हे दोन डॉक्टरांचे दोन वेगळे कागद बघून कुणाच्या लक्षात येत नाही. तक्ता मुलांनी करायचा, फेरफार मात्र फक्त डॉक्टरने.

दुसरं, हरवल्यास द्यायचा कागद. सहा महिन्यांच्या आतले दोन फोटो, एक चेहऱ्याचा आणि एक उभा, पूर्ण. उंची, चष्मा, चालण्याची ढब, कुठल्या हाकेला वळून बघतात, जुनं घर आणि जुनी नोकरी कुठे होती. शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा, कारण माणूस बहुधा त्याच दिशेला निघालेला असतो. माणूस दिसेनासा झाला की आधी घरातलीच कपाटं, संडास, गच्ची पाहायची. पंधरा मिनिटांत नाही सापडला तर पोलिसांना कळवायचं. 'थोडी वाट बघू' यातच घात होतो. आसपास पाण्याची जागा असेल तर तिथे एक जण ताबडतोब धाडायचा.

तिसरं, दोन आठवड्यांची नोंदवही. आधी काय चाललं होतं, मग काय झालं, त्यावर घरच्यांनी काय केलं, एवढे तीन रकाने. 'फार चिडतात' एवढ्यावरून डॉक्टरला काही ठरवता येत नाही. 'दहापैकी आठ वेळा आंघोळीआधी चिडले' यावरून येतं.

चौथं, दाराला उघडताच वाजणारा सेन्सर, गॅस बंद करायची सोय, रात्री पायाखालचा दिवा. दोन दुपारींत होतं.

शब्दओळ

अर्धविराम, चारही कामं हवीत. पण 'खोलीत बसवायचं कशाला' हे मला मान्य नाही. त्यामागे 'रुग्णाला कुठे काय लक्षात राहतं' हे गृहीत आहे.

अल्झायमरमध्ये हिप्पोकॅम्पसला, म्हणजे नव्या आठवणी घडवणाऱ्या मेंदूच्या भागाला, लवकर इजा होते, म्हणून नवी आठवण आधी जाते. भावना तितक्या लवकर जात नाही. आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये हे तपासलं. अल्झायमर असलेल्या 17 जणांना दुःखी आणि आनंदी चित्रफिती दाखवल्या. थोड्याच वेळात काय पाहिलं ते त्यांना जवळपास आठवत नव्हतं, पण त्या चित्रफितींनी जागी केलेली भावना मागे रेंगाळत होती. अभ्यास लहान आहे, तरी सांभाळणाऱ्यांच्या रोजच्या अनुभवाशी जुळतो. मुलगा कोण हे आजींना आठवणार नाही. त्याच्यासोबतची वेळ गोड गेली की अपमानाची, ते मात्र मागे राहतं.

म्हणून तयारी बोलण्याची हवी. समोरून यायचं, कडेने नाही, कारण कडेचं दिसणं कमी झालेलं असतं. डोळ्यांच्या उंचीला बसायचं. एका वाक्यात एकच गोष्ट सांगायची आणि मनात दहापर्यंत मोजायचं. दहा आकडे फार लांब वाटतात आणि तिसऱ्यालाच मुलं प्रश्न पुन्हा विचारतात, तोही शब्द बदलून. मग रुग्णाला पहिल्यापासून अर्थ लावावा लागतो. पुन्हा विचारायचंच झालं तर तेच शब्द वापरा.

'ओळखलंत का मला?' हा प्रश्न वर्ज्य. ती परीक्षा आहे आणि समोरचा नापास होणार हे ठरलेलं आहे. 'मी अमुक, तुमच्याशी गप्पा मारायला आलोय' असं दर वेळी आपणच सांगायचं. हाक कशी मारायची तेही घरच्यांना विचारा. आपण तिशीचे आहोत असं वाटणाऱ्या बाईला 'आजी' म्हटलं तर ती दुसऱ्या कुणाला हाक मारली म्हणून मागे वळून बघते.

'मला घरी जायचंय' हे वाक्य दोन तासांत वीसदा येऊ शकतं. 'अहो, हेच तुमचं घर' हे उत्तर खरं आहे, पण निरुपयोगी आहे. त्यापेक्षा 'घरी कोण कोण असतं?' असं विचारा आणि ऐका. ऐकता ऐकता थंडी वाजतेय का, काही दुखतंय का, लघवीला जायचंय का, ते पाहा. मग हाताला काम द्या. टॉवेलांच्या घड्या हे उत्तम काम, कारण हाताची सवय शब्दांपेक्षा जास्त टिकते. पहिली घडी तुम्ही घाला, दुसरा टॉवेल त्यांच्या मांडीवर ठेवा, बोलू नका. कडा वाकडी आली तर येऊ द्या. त्यांच्यासमोर घडी मोडून पुन्हा घातलीत तर सगळं मुसळ केरात.

एक सावधगिरी. पाणी देणं साधं वाटतं, पण गिळण्याचा त्रास असेल तर पातळ पाणीच सर्वांत अवघड, कारण ते घशात वेगाने उतरतं आणि श्वासनलिकेत जाऊ शकतं. पाणी पिताना खोकला किंवा नंतर आवाज ओलसर, घोगरा येत असेल तर स्वयंसेवकाने काहीही द्यायचं नाही आणि घरच्यांना त्याच दिवशी सांगायचं.

उंबरठा

संमतीबद्दल कुणीच बोललं नाही. घरच्यांनी हो म्हटलं म्हणजे रुग्णाने हो म्हटलं असं होत नाही. सुरुवातीच्या टप्प्यात त्यांना सरळ विचारता येतं. पुढे दर भेटीत चेहऱ्यावरून वाचावं लागतं: तोंड फिरवणं, हात मागे घेणं, दुसऱ्या खोलीत निघून जाणं, हे सगळं 'नको' आहे. त्या दिवशी दुसऱ्या खोलीत बसा, पाठलाग करू नका. फोटो तर अजिबात नको, घरच्यांनी आग्रह केला तरी.

आणि चोरीचा आळ. हा आजाराचा भाग आहे, आणि घरात नवा माणूस आला की तो त्याच्यावर येणारच. वस्तू जपून लपवली जाते, लपवल्याचा विसर पडतो, मेंदू ती पोकळी 'कुणीतरी नेली' याने भरून काढतो. म्हणून बॅग दाराशीच घरच्यांकडे द्यायची आणि जाताना उघडून दाखवायची. आळ आला तर 'मी नाही घेतलं' म्हणून वाद घालू नका. 'चला, आपण शोधू' म्हणा. उशीचे अभ्रे, बुटांच्या आत, जुन्या वर्तमानपत्रांची चळत, कचऱ्याचा डबा बघा. कचरा टाकण्याआधी डबा तपासायची सवय प्रत्येक घरात हवी. आणि वस्तू आपल्या हाताला लागली तरी 'ही बघा इथेच होती' म्हणून विजयाने दाखवू नका. त्यांना स्वतःला सापडेल अशी समोर सरकवा.

19 वर्षांच्या मुलाला 'चोर' हा शब्द फार लागतो. त्या दिवशी समन्वयकाने त्याला फोन करून अर्धा तास ऐकून घेतलं नाही तर तो पुढच्या आठवड्यात येत नाही. मुलं का गळतात, याचं उत्तर मला इथे दिसतं, आळसात नाही.

जपानमध्ये 2005 पासून साधारण 90 मिनिटांचं प्रशिक्षण देऊन लाखो नागरिकांना स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांचे 'समर्थक' केलं गेलं, असा दाखला नेहमी दिला जातो. उपक्रम चांगलाच आहे. पण त्याचा मुख्य हेतू दुकानदाराला, शेजाऱ्याला, बँकेतल्या माणसाला आजार समजावा हा आहे. त्या 90 मिनिटांच्या भरवशावर कुणाला रुग्णासोबत घरात एकटं सोडू नका.

तिसरी पाळी

उंबरठ्याचा समन्वयकाचा मुद्दा मला सर्वांत पटला. सकाळी दहा ते बारा आणि पहिल्या टप्प्यातली घरं, एवढ्या अटींवर माझा विरोध बराच खाली येतो. पगारी मदतनिसांबद्दलचं मत मात्र कायम आहे: शेवटच्या टप्प्यातल्या घरांना काहीच मिळत नाही, हे या योजनेने लपू नये.

एक काम तरुणांनी जरूर करावं, ते म्हणजे फरक टिपणं. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही, आठवड्याने येणाऱ्याला दिसतो. अल्झायमर महिन्यांनी, वर्षांनी उतरत जातो. दोन-तीन दिवसांत माणूस एकदम जास्त गोंधळला, दिवसा पेंगायला लागला किंवा नसलेल्या गोष्टी पाहू लागला तर ते बहुधा डिलिरियम, म्हणजे अचानक उद्भवणारी गोंधळाची अवस्था, असतं. मागे मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग, शौच साठणं, शरीरातलं पाणी कमी होणं किंवा नवं औषध असू शकतं. यावर उपचार होतो आणि तो त्याच दिवशी सुरू व्हायला हवा. 'आजार वाढला' म्हणून घरचे गप्प बसतात आणि वेळ जातो. स्वयंसेवकाने निदान करायचं नाही, फक्त म्हणायचं: 'मागच्या रविवारी आपणहून चालत दारापर्यंत आले होते, आज मान वर होत नाहीये. डॉक्टरांना आजच सांगा.'

आणि सांजदिवा, सहा महिने संपल्यावर काय, ते तुम्ही लिहिलेलं नाही. एक जोडी गेली आणि मधले चार रविवार रिकामे गेले, तर त्या बाईने घेतलेली डॉक्टरची वेळ पुन्हा रद्द होणार.

सांजदिवा

बरोबर, ते राहिलं. पाचव्या महिन्यात नवी जोडी ठरवायची. शेवटच्या तीन भेटींत जुन्यांपैकी एक आणि नव्यांपैकी एक असे मिळून जातील, त्याच वारी, त्याच दहा वाजता. परीक्षांचे आठवडे नोंदणीच्या वेळीच लिहून घ्यायचे आणि प्रत्येक चार जोड्यांमागे एक राखीव जोडी, जिने प्रत्येक घरी आधी निदान दोनदा जाऊन बसलेलं असेल. राखीव जोडी नसेल तर पाचवं घर घ्यायचं नाही, मग यादीत कितीही घरं थांबलेली असोत.