देहधारणा आणि रविवार-सोमवारची भिंत

प्रश्न: बायबलमधलं योहान 1:14 म्हणतं, शब्द (म्हणजे देवाचा पुत्र येशू) देही झाला आणि त्याने आपल्यामध्ये वस्ती केली. मग रविवारची उपासना पवित्र आणि सोमवारची नोकरी नुसती ऐहिक, असं कसं? अभ्यासवर्गात हे मांडताना 'अवतार' शब्द चालेल का?

उत्तर 1: टाळा. 'अवतार' म्हटलं की कार्य संपताच देह सोडणारा देव डोळ्यांपुढे येतो. इथे देह एकदाच घेतला आणि पुनरुत्थानानंतरही टाकला नाही. त्या वचनात देहासाठी मूळ ग्रीक शब्द 'सार्क्स', म्हणजे चक्क मांस. आणि 'वस्ती केली' म्हणजे शब्दशः तंबू ठोकला.

उत्तर 2: सुरुवात मार्क 6:3 पासून करा, गावकरी येशूला सुतार म्हणतात. मग इ.स. 451 ची खाल्सेदोन इथली चर्चची परिषद घ्या: ख्रिस्तात दैवी आणि मानवी असे दोन स्वभाव, मिसळ नाही, बदल नाही, फाळणी नाही, ताटातूट नाही. वर्ग घसरतो तो इथेच. फाळणी केली की सुतारकाम बिनमोल ठरतं, हे पटकन पटतं. पण मिसळ केली की 'सगळंच पवित्र, मग उपासनेला कशाला जायचं?' हा प्रश्न येतोच. चारही नकार फळ्यावर लिहून ठेवा.

उत्तर 3: जुन्या करारातलं जखऱ्या 14:20-21 जोडाच. महायाजकाच्या मंदिलावरच्या (फेट्यावरच्या) सोन्याच्या पट्टीवरचे शब्द, 'परमेश्वराला पवित्र', तिथे घोड्यांच्या घंटांवर येतात, आणि यरुशलेमेतलं घरोघरचं भांडंही पवित्र होतं. मंदिराची पवित्रता कमी होत नाही, ती चुलीपर्यंत पोचते.