‘दाह’, ‘सूज’ आणि आतड्यातील प्रतिकारक पेशी

प्रश्न : ‘इन्फ्लमेटरी बॉवेल डिसीज’साठी लेखी मराठीत ‘आतड्याचा दाहक आजार’ असे लिहितात, पण आमच्या खानापूर-निपाणी भागात बोलताना ‘आतड्यांना सूज आली आहे’ असेच म्हणतात. यांतला नेमका शब्द कोणता? या आजारात ‘प्रतिकारशक्ती कमी झाली’ असे म्हणणे बरोबर आहे काय?

उत्तर : दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण तिथला चुकीचा शब्द रुग्णाला नको त्या उपायांकडे नेतो. ‘कमी झाली’ हे वर्णन या आजाराला लागू पडत नाही. निरोगी आतड्याच्या अस्तरातही प्रतिकारक पेशी मोठ्या संख्येने असतात. रोजचे अन्न आणि तिथे कायम वस्तीला असलेले जीवाणू त्या खपवून घेतात, आणि नियामक टी-पेशी बाकीच्यांना आवर घालतात. आनुवंशिक कल असलेल्या व्यक्तीत हा आवर सुटला, की मॅक्रोफेज या भक्षक पेशी टीएनएफ आणि आयएल-२३ यांसारखी संदेशवाहक प्रथिने सोडतात, त्यांनी काही टी-पेशी चेतवल्या जातात, रक्तातून न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी आतड्यात ओढल्या जातात आणि अस्तराला व्रण पडतात. शौचाच्या तपासणीत मोजले जाणारे कॅलप्रोटेक्टिन हे मुख्यतः या न्यूट्रोफिलमधलेच प्रथिन आहे. या आजाराचे दोन मुख्य प्रकार आहेत. त्यांपैकी अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये ही झीज मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तरापुरती राहते. दुसऱ्या प्रकारात, म्हणजे क्रोन्स आजारात, ती आतड्याच्या भिंतीच्या सर्व थरांत उतरू शकते.

म्हणून ‘प्रतिकारशक्ती अनावर झाली’ असे म्हणावे. ‘कमी’ हा शब्द उपचारांच्या संदर्भात मात्र योग्य ठरतो. इन्फ्लिक्सिमॅब हे औषध टीएनएफला अडवते, आणि शरीरात दबून असलेल्या क्षयाच्या जंतूंना कोंडून ठेवण्यासाठी तोच टीएनएफ लागतो. त्यामुळे हे औषध सुरू करण्यापूर्वी क्षयाची तपासणी करतात. आपल्याकडे ती टाळू नये, असे मला आग्रहाने सांगावेसे वाटते. आतड्याचा क्षय आणि क्रोन्स आजार यांची लक्षणेही इतकी सारखी असतात, की निदानात एकाच्या जागी दुसरा समजला जाऊ शकतो.

पुरवणी : आता ‘दाह’ शब्दाविषयी. ‘दाह’ म्हटले की आपल्याकडचा माणूस पित्ताची जळजळ समजतो आणि ताक, सब्जा, कोकम यांकडे वळतो. नुसत्या ‘सूज’ शब्दाने फुगणे तेवढे कळते, पेशींची हालचाल कळत नाही. सेल्सस या रोमन लेखकाने पहिल्या शतकात ‘इन्फ्लमेशन’च्या या क्रियेची लाली, सूज, उष्णता आणि वेदना अशी चार लक्षणे नोंदवली होती, त्यांतले एकेकच आपल्या या दोन शब्दांत उतरले आहे. बेळगाव परिसरात कानांवर पडणारी कन्नड इथे उपयोगी पडते. तिच्यातील ‘उरियूत’ या शब्दात ‘उरि’ म्हणजे जळणे आणि ‘ऊत’ म्हणजे सुजणे, असे दोन्ही अर्थ एकत्र आले आहेत. त्याच धर्तीवर मराठीत ‘दाहसूज’ म्हणायला माझी हरकत नाही.

इरिटेबल बॉवेल सिंड्रोम या नावाने सारख्या, पण वेगळ्या विकारासाठी मात्र यांतला कोणताही शब्द वापरू नये. त्या विकारात आतड्याला असे व्रण पडत नाहीत.