‘हवामान दुरुस्ती’ की आभाळाला ठिगळ?

एका अनुवादात ‘जिओइंजिनिअरिंग’ला (पृथ्वी थंड करायला हवामानात मुद्दाम केलेली मोठी ढवळाढवळ) ‘भूअभियांत्रिकी’ आणि ‘क्लायमेट रिपेअर’ला ‘हवामान दुरुस्ती’ लिहिलंय. संपादक म्हणतात चालेल. मला दोन्ही खटकतात. तुम्ही काय लिहाल?

— ‘भूअभियांत्रिकी’ म्हटलं की मला माती, पाया, बोगदे दिसतात. भूगोलातला ‘भू’ म्हणजे अख्खी पृथ्वी, मान्य. पण इथे खटाटोप स्ट्रॅटोस्फिअरमध्ये, म्हणजे हवेच्या वरच्या थरात, ऊन परतवणारे कण सोडायचा चाललाय. ‘जिओइंजिनिअरिंग’च ठेवा.

— माझं भांडण ‘दुरुस्ती’शी. ‘दुरुस्त’ फारसीतून आला, अर्थ ठीक, बरोबर. पंखा दुरुस्त झाला म्हणजे बिघाड गेला. १९९१ साली पिनाटुबो ज्वालामुखीने दीड कोटी टनांच्या आसपास सल्फर डायऑक्साइड वर फेकला, पृथ्वी साधारण अर्धा अंश निवली आणि दोनेक वर्षांत पुन्हा होती तिथे आली. कार्बन डायऑक्साइड जिथल्या तिथे! त्याची नक्कल म्हणजे फार तर ताप उतरवणं. हवेतला कार्बन खरोखर काढून घेतला, तर ‘दुरुस्ती’ म्हणायला माझी ना नाही.

— आपल्याकडे तयार शब्द आहे की, आभाळाला ठिगळ! म्हण अशक्य गोष्टीची, पण आता ठिगळं विकायला निघालेत. ‘मेक सनसेट्स’ कंपनीने २०२२ मध्ये मेक्सिकोत कुणाला न विचारता सल्फरचे फुगे सोडले. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या सरकारने असल्या प्रयोगांवर बंदी जाहीर केली.

— एका कंपनीवरून सगळ्यांना झोडू नका. २००६ साली यावर संशोधन व्हावं असं लिहिणारे पॉल क्रुट्झन ओझोनवरच्या कामासाठी नोबेल मिळालेले. त्यांना काही विकायचं नव्हतं.

— (मूळ प्रश्नकर्ता) त्याच कंपनीच्या ‘कूलिंग क्रेडिट’वर अडलोय. ‘शीतश्रेय’ कसं वाटतं?

— ‘श्रेय’ नको, त्यात शाबासकी आहे. व्यवहार बघा: २०२२ मध्ये दहा डॉलर दिले की कंपनी एक ग्रॅम सल्फर डायऑक्साइड वर सोडणार, आणि त्याने एक टन कार्बन डायऑक्साइडची एका वर्षाची उष्णता भरून निघते हा त्यांचा दावा. म्हणजे पुढच्या वर्षी परत पैसे. मोठ्या प्रमाणावर सुरू करून मध्येच थांबवलंत, तर दाबून धरलेली तापमानवाढ थोड्याच वर्षांत उसळणार. मराठीत याला हप्ता म्हणतात. दोन्ही अर्थांनी.

— ‘हप्ता’ संपादक छापणार नाहीत. मजकुरात ‘कूलिंग क्रेडिट’ ठेवतो. मथळ्यात ठिगळ मात्र घालणार.