बाबांच्या तिन्ही नसांत ब्लॉकेज, वर कॅल्शियम: स्टेंट की बायपास? नागपुरात कुठे दाखवू?

प्रतापनगरची_ताई: बाबा ७१ वर्षांचे, शुगर जुनी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) १.८, म्हणजे वाढलेलं. अँजिओग्राफीत तिन्ही नसा खराब, कॅल्शियम भरपूर. एक डॉक्टर स्टेंट म्हणतात, दुसरे बायपास. बाबा छाती उघडायला तयारच नाहीत. खूप घाबरले आहे जी.

महालकर: ताई, बसल्या जागी छातीत दुखतं का? दुखत असेल तर इथे थांबू नका, आत्ताच भरती करा. नाहीतर अँजिओची सीडी मागून घ्या, नुसत्या रिपोर्टवर कोणी नीट सांगू शकत नाही. स्टेंट टाकणारे आणि बायपासचे सर्जन, दोघंही जिथे आहेत तिथे दाखवा. मेडिकलच्या (सरकारी मेडिकल कॉलेजच्या) सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलात दोन्ही विभाग आहेत. सिंटॅक्स स्कोर विचारा, म्हणजे ब्लॉकेज किती गुंतागुंतीचे आहेत त्याचा आकडा. ३३ किंवा वर असेल तर कल बायपासकडे असतो. शुगरच्या पेशंटवर २०१२ मध्ये फ्रीडम नावाचा मोठा अभ्यास आला. पाच वर्षांत मृत्यू, अटॅक किंवा पक्षाघात स्टेंटवाल्यांत २६.६ टक्के, बायपासवाल्यांत १८.७. नुसता पक्षाघात पाहिला तर तो बायपासनंतर जास्त होता. बाबांना दोन्ही बाजू सांगा.

कॅथलॅबवाला: मी कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओग्राफी आणि स्टेंटचं काम होतं तिथे, टेक्निशियन आहे. स्टेंटच ठरलं तर खरी अडचण कॅल्शियमची. नस दगडासारखी कडक असली की फुगा पुरता फुगत नाही, स्टेंट अर्धवट उघडतो, मग त्यात गुठळी होते किंवा तो पुन्हा भरतो. म्हणून आधी रोटाब्लेशनने (वेगाने फिरणाऱ्या बारीक ड्रिलने) कॅल्शियम घासतात, नाहीतर आयव्हीएलच्या (ध्वनिलहरी सोडणाऱ्या) फुग्याने त्याला तडे पाडतात. तुमचे डॉक्टर हे नेहमी करतात का, स्पष्ट विचारा. संकोच करू नका. स्टेंट नीट बसला का हे आयव्हसने (नसेच्या आतल्या सोनोग्राफीने) बघायला सांगा. क्रिएटिनिन वाढलेलं असताना तेच बरं, ओसीटीत (प्रकाशाने नस आतून बघतात त्यात) डाय, म्हणजे एक्स-रेत नस दिसावी म्हणून सोडतात ते औषध, जास्त जातो आणि किडनीवर ताण येतो. डाय कमी जावा म्हणून काम दोन टप्प्यांत करता येईल का, तेही विचारा.

महालकर: खर्चाचा अंदाज लेखी घ्या. स्टेंटची कमाल किंमत सरकारने २०१७ मध्ये बांधून दिली, पण रोटा, आयव्हीएल, आयव्हसचे पैसे वेगळे लागतात.

प्रतापनगरची_ताई: बसल्या जागी नाही, जिना चढताना दुखतं. सीडी उद्याच आणते. हर्नियाच्या ऑपरेशनची तारीख घेतली होती, त्याचं काय?

कॅथलॅबवाला: ते हृदयाच्या डॉक्टरांना आधीच सांगा. स्टेंटनंतर रक्त पातळ करणाऱ्या दोन गोळ्या साधारण सहा ते बारा महिने चालतात. हर्नियासाठी त्या मध्येच कोणी बंद करायला लावल्या तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका, स्टेंट अचानक बंद होऊ शकतो.