शिअर पिन की पुन्हा बसणारा लॅच? विहिरीतल्या पकडीवर वाद

रेतीबंदर:
वर्कशॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत पेटलेला वाद इथे आणतोय. वायरलाइनवर, म्हणजे बारीक तारेवर, तेलाच्या विहिरीत आपण प्लग, गॅस लिफ्ट व्हॉल्व्ह (तेल वर उचलायला गॅस आत सोडणारा), सेफ्टी व्हॉल्व्ह सोडतो. ते खाली बसवायचं, सोडायचं आणि गरज पडली की पुन्हा पकडून वर आणायचं. ही पकड-सोड आजही बहुतेक शिअर पिनवरच, म्हणजे ठरलेल्या जोरावर तुटणाऱ्या खिळीवरच, चालते. जारचे (तारेवरच्या हातोड्यासारख्या भागाचे) ठोके दिले, पिन तुटली, टूल सुटलं. पुढच्या फेरीआधी टूल खोला, तुकडे काढा, नवी पिन ठोका.

माझं मत: पिन न तोडता सुटणारा लॅच (पकडीचा खटका) आता नेहमीचा व्हायला हवा. कॉलेटची, म्हणजे उभ्या चिरा दिलेल्या लवचीक नळीची, बोटं खाचेत बसतात, मागून स्लीव्ह सरकून त्यांना आधार देते. स्लीव्ह मागे गेली की बोटं मिटतात. मुंबई हाय हे तेलक्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर. ज्या प्लॅटफॉर्मवर कुणी राहत नाही तिथे बोटीने जायचं, आणि पावसाळ्यात समुद्र उतरू देईल तेव्हाच. पकड अर्धवट बसली आणि पिन गेली, की सगळी वायर गुंडाळत वर या. रीसेट होणारा लॅच असेल तर तिथल्या तिथे दुसरा प्रयत्न करता येतो.

पिनमास्तर:
साहेब, तुम्ही पिनच्या तुटण्याला दोष म्हणताय, आम्ही तिला त्यासाठीच ठेवलीय. पितळेची घातली तर किती जोरावर जाईल आणि स्टीलची घातली तर किती, हे आधीच ठाऊक असतं. शिवाय रनिंग टूल (खाली नेऊन बसवणारं) वर आलं की मी पहिल्यांदा पिन बघतो. कड सरळ कापली गेली असेल तर लॉक (प्लग किंवा व्हॉल्व्ह जागेवर धरणारा भाग) बसला असं धरायला आधार मिळतो. नुसती वाकून चेपटली असेल तर खाली काहीतरी अडलंय. तुमचा लॅच वर आला की जसा गेला तसाच दिसणार. त्याला काय विचारायचं?

आणि कॉलेटचं बोट दरवेळी वाकतं. तडा जातो तो मुळाशी, तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यात एच टू एस (स्टीलला तडे पाडणारा विषारी वायू) असलेली विहीर असेल तर कार्बन स्टील रॉकवेल सी २२ या कठीणपणाच्या मापाच्या वर कडक ठेवता येत नाही, नेस या गंजविषयक संस्थेचं मानक एमआर ०१७५ आहे. बोटाला तर स्प्रिंगसारखं परत यायचं असतं. मग निकेलच्या मिश्रधातूचं बिल कोण भरणार?

पूर्व_पश्चिम:
पिनमास्तर, तुमचा हिशेब सरळ विहिरीचा आहे. आपल्याकडे एकेका प्लॅटफॉर्मवरून विहिरी तिरप्या फाकत जातात. जीएस पुलिंग टूल (खालचं पकडून वर ओढणारं) खाली ठोकून सोडावं लागतं. कलत्या विहिरीत टूल पाइपच्या भिंतीला टेकून घसटत असतं, मग वजनाच्या ठोक्यात जीव राहत नाही. पिन तुटत नाही, खालचं निघत नाही, आणि वर फक्त ०.१०८ इंचाची वायर. ती तुटली की फिशिंग, म्हणजे आत पडलेलं शोधून काढत बसायचं.

पिनमास्तर:
मग वर ठोकून सुटणारं घ्या ना! जीआर कशासाठी आहे?

पूर्व_पश्चिम:
घेतलं. खाली स्केलमध्ये (पाण्यातल्या क्षारांच्या थरात) अडकलेला प्लग सोडवायला वर ठोकावंच लागतं. त्याच ठोक्यांनी प्लग हलायच्या आधी तुमची पिन जाते आणि टूल रिकामं वर येतं. दोन्हीकडून पिनच आड येते, म्हणून मला रेतीबंदर यांचं म्हणणं पटतं.

खारफुटी:
मध्येच बोलतो. पिन न लागणारे लॅचही सगळे सारखे नसतात. जे-स्लॉटवाल्यात (इंग्रजी जे आकाराच्या खाचेवर चालणाऱ्या) बॉलपेनच्या बटणासारखं एकदा दाबलं की बसतं, पुन्हा दाबलं की सुटतं. कागदावर सुरेख. पण आपण दाब राखायला समुद्राचं पाणी खाली टाकतो; ते खडकातल्या पाण्यात मिसळलं की स्केल धरतं. त्या खाचेत थोडा कचरा बसला की आपण नक्की कुठल्या टप्प्यावर आहोत हे वरून कळत नाही. स्लीव्हने आधार दिलेलं कॉलेट मी घेईन, जे-स्लॉट या जुन्या विहिरींत नाही.

आणि सेफ्टी व्हॉल्व्हच्या लॉकला हात लावू नका. खालून पूर्ण दाब आला तरी त्याचे ‘की’, म्हणजे खाचेत अडकणारे दाते, मिटता कामा नयेत. नुसत्या स्प्रिंगच्या भरवशावर धरणारं तिथे काहीही नको.

रेतीबंदर:
सेफ्टी व्हॉल्व्हचं मान्य, तो सोडून बोलू. गॅस लिफ्ट घ्या. साइड पॉकेट मँड्रेलमधला (पाइपच्या बाजूच्या कप्प्यातला) व्हॉल्व्ह त्याला धरणाऱ्या बीके लॅचसकट काढला की त्या लॅचचीही पिन गेलेली असते. मुंबई हायच्या कितीतरी विहिरी गॅस लिफ्टवर चालतात, ही कटकट सतत आहे.

पिनमास्तर:
पिन बदलायला किती वेळ लागतो हो? जेवढा चहा गार व्हायला लागतो त्याहून कमी. खरा खर्च बोटीचा आणि खराब हवामानात ताटकळण्याचा. तो लॅच बदलून कमी होत नाही.

हिशेबनीस:
मी टूल भाड्याने देणाऱ्यांच्या बाजूचा. पिनचं टूल परत आलं की आम्ही ते आपोआप खोलतो, कारण पिन बदलायचीच असते. त्या निमित्ताने ओ-रिंग, स्प्रिंग, खाच सगळं बघून होतं. पुन्हा वापरायचं टूल मात्र साइटवरून साइटवर परस्पर जातं. कुठल्या विहिरीत किती वेळा बसलं-सुटलं याची नोंद कुणी करत नाही. प्रत्येक लॅचचा सीरियल नंबर, त्यापुढे फेऱ्या, आणि ठरलेल्या फेऱ्यांनंतर बोटांच्या मुळाशी डाय-पेनिट्रंट चाचणी (रंग लावून बारीक तडे शोधणारी), हे करारात लिहून द्या. मग मी उद्या सगळी पिनची टूल्स मागे घेतो.

पूर्व_पश्चिम:
लिहून देऊ. पण त्या चाचणीचे पैसे भाड्यात धरलेले असतील, की वेगळं बिल येईल?