मदत हवी आहे: दोन दिवसांत स्वीकारलेला शोधनिबंध, पैसे भरू की मागे घेऊ?

पऱ्हाटी:

नमस्कार मंडळी. थोडं लांबेल, पण सगळं सांगितल्याशिवाय सल्ला मागता येणार नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याकडच्या एका गावात राहते. तालुक्याच्या कॉलेजात वाणिज्य शाखेला तासिका तत्त्वावर शिकवते आणि सोबत पीएच.डी. चालू आहे. विषय आहे शेतकरी उत्पादक कंपन्या आणि कापूस-सोयाबीनची विक्री. दोन हंगाम फिरून चार कंपन्यांच्या सभासदांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या. कुणाच्या घरी, कुणाच्या वावरात, तर कुणाशी जिनिंगबाहेर गाडी काट्यावर चढायची वाट पाहत असताना बोलले. कायद्यानं या कंपनीत किमान १० शेतकरी लागतात आणि शेअर कितीही असोत, एका सभासदाला एकच मत असतं. २००३ पासून ही तरतूद आहे. २०२० मध्ये केंद्रानं अशा १०,००० संस्था उभ्या करायची योजना आणली, तेव्हापासून आमच्या भागातही बऱ्याच नोंदल्या गेल्या. कागदावर सगळं छान आहे. मला बघायचं होतं की माल खरंच कंपनीमार्फत जातो का.

बऱ्याच जणांचा जात नाही. कंपनीचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, रोज सकाळी त्यावर भाव येतो, सगळे वाचतात. आणि तरी कापूस दारात येणाऱ्या खेडा खरेदीवाल्याला देतात, क्विंटलमागं कमी मिळत असतानाही. एका आजीनं मला सरळ सांगितलं, "भाव मले माईत हाय वं माय. पण वेचणीच्या बाया बाजाराच्या दिवशी पैसे मांगतेत, अन् कंपनीचा पैसा पंधरा दिवसानं येते." हे वाक्य मला इतक्या ठिकाणी, इतक्या तोंडून ऐकायला मिळालं की माझा पूर्ण निबंध त्याच्याभोवती उभा राहिला. भावाची माहिती पोचली तरी हातात रोकड कधी पडते यावर विक्री ठरते, असं माझं म्हणणं आहे.

आता अडचण. मार्गदर्शक सर म्हणाले, प्रबंध देण्याआधी एखादा निबंध छापून आणा. शिवाय पुढं कायम जागेची मुलाखत झाली तर प्रत्येक निबंधाला २ गुण मिळतात. एका सहकाऱ्यानं एका "आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय" नियतकालिकाची लिंक पाठवली. मी सोमवारी रात्री निबंध पाठवला आणि बुधवारी सकाळी स्वीकृतीपत्र आलं. परीक्षकाचा एकही शेरा नाही. रविवार रात्रीपर्यंत २,२०० रुपये यूपीआयनं भरा, प्रमाणपत्र लगेच मिळेल, असं लिहिलंय.

आधी आनंदच झाला, आईला सांगूनही टाकलं. मग रात्री त्यांचा मागचा अंक उघडून पाहिला. एकाच अंकात बँकेतलं मनुष्यबळ व्यवस्थापन, काँक्रीटमध्ये राख मिसळणं, कपाशीच्या पानांवरचा रोग ओळखणारं मशीन लर्निंग, ग्रामपंचायतीतलं महिला आरक्षण आणि ग्रामीण कादंबरी. हे सगळं तपासणारे परीक्षक दोन दिवसांत कुठून मिळतात? माझ्या निबंधात एका तक्त्याची बेरीज चुकली होती, ते मला पाठवल्यावर कळलं. त्यांना कळलंच नाही. तेव्हापासून झोप नाही.

२,२०० रुपये माझ्यासाठी मोठी रक्कम आहे, दिवाळीनंतरचं मानधन अजून आलेलं नाही. पण पैशापेक्षा मला त्या लोकांचं वाटतं. उन्हात थांबून त्यांनी मला उत्तरं दिली, कर्जाचे आकडे सांगितले. ते कुठंतरी नीट वाचलं जावं.

तर विचारायचं हे की असं नियतकालिक खोटं आहे हे ठरवायचं कसं? आता मागे घेता येईल का? आणि खेड्यात बसून चांगले शोधनिबंध वाचायचे कुठून, कारण जे उघडावं ते पैसे मागतं. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, मान्य नियतकालिकांची यादी आहे म्हणतात, ती मला सापडत नाही.

—

ग्रंथपाल_अकोला:

ताई, पैसे भरू नका. तुमची शंका बरोबर आहे.

यादी सापडत नाही कारण ती आता नाहीच. आधी यूजीसीची मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी होती. पुण्याच्या काही संशोधकांनी २०१८ मध्ये त्यातली विद्यापीठांनी सुचवलेली नियतकालिकं तपासली, तर त्यांतली ८८ टक्क्यांहून जास्त निकृष्ट दर्जाची असू शकतात असं निघालं. त्याच वर्षी मे महिन्यात यूजीसीनं ४,३०५ नावं काढून टाकली. मग २०१९ मध्ये "केअर" यादी आली आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद झाली. आता नियतकालिक पारखायचं काम संस्थेवर आणि संशोधकावर सोपवलंय. त्यामुळं आज एखाद्या संकेतस्थळावर "यूजीसी अप्रूव्ह्ड" असं ठळक लिहिलेलं दिसलं, तर तिथूनच सावध व्हायचं. आयएसएसएन हा नुसता ओळख क्रमांक आहे, त्यावरून दर्जा कळत नाही.

मी आमच्या मुलांना एक करायला सांगतो. संपादक मंडळातली तीन नावं घ्या आणि ते प्राध्यापक ज्या विद्यापीठात आहेत त्याच्या संकेतस्थळावर शोधा. त्यांनी स्वतःच्या पानावर या नियतकालिकाचा उल्लेख केलाय का बघा. खोट्या ठिकाणी नावं न विचारता टाकलेली असतात. दुसरं म्हणजे "आमच्याकडे स्कोपस आहे" असं ते म्हणत असतील (स्कोपस म्हणजे निवडक नियतकालिकांची जागतिक सूची) तर त्यांच्या पानावरचा लोगो पाहू नका, स्कोपसच्या स्वतःच्या यादीत नाव शोधा. ती कुणालाही फुकट पाहता येते.

आणखी एक महत्त्वाचं. पीएच.डी.साठी प्रबंधाआधी निबंध छापलाच पाहिजे ही यूजीसीची अट नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत काढून टाकली आहे. तुमच्या विद्यापीठानं स्वतःच्या डायरेक्शनमध्ये (नियमावलीत) ती ठेवली असेल तर गोष्ट वेगळी. ते डायरेक्शन पीएच.डी. कक्षातून मागून घ्या आणि सरांसोबत बसून वाचा. घाई मुळात आहे का, हे आधी कळेल.

—

तासिकावाला_वाशीम:

मी भरले होते पैसे. २०१९ साली, दोन निबंधांचे. तेव्हा सगळेच भरत होते, मला कुणी अडवलं नाही. गेल्या वर्षी मुलाखतीच्या छाननीत दोन्ही बाजूला ठेवले, शून्य गुण. पैसे गेले त्याचं नाही, पण तेच काम आता दुसरीकडे देता येत नाही, एकदा छापलंय म्हणून. ती विदर्भातल्या बचतगटांची माहिती होती, पुन्हा गोळा करायला मला वर्ष लागेल.

कॉपीराइटचा फॉर्म भरून दिलाय का? नसेल तर आजच मेल करा, "मी निबंध मागे घेत आहे, छापू नये", तारखेसह. मागे घ्यायचेही पैसे मागतील. देऊ नका. मेलची प्रत जपून ठेवा.

—

कोडिंग_हिंगणघाट:

मी कॉम्प्युटरवाला आहे, वाणिज्यातलं कळत नाही. पण त्या अंकातल्या कपाशीच्या पानांबद्दल सांगतो, कारण खरा शोधनिबंध कसा असतो हे त्यावरून समजेल.

या विषयावर २०१६ चा एक निबंध सगळेच उद्धृत करतात. १४ पिकांच्या पानांचे ५४,३०६ फोटो घेऊन रोग ओळखायला शिकवलेलं मॉडेल. अचूकता ९९.३५ टक्के. हा आकडा उचलून आमच्याकडे ढीगभर प्रोजेक्ट झाले. पण त्याच निबंधात लेखकांनी पुढं स्वतःच लिहिलंय की वेगळ्या परिस्थितीत काढलेले फोटो दिले तेव्हा अचूकता ३१ टक्क्यांवर आली. शिकवायचे फोटो साध्या पार्श्वभूमीवर एकेक पान ठेवून काढलेले होते. वावरात पानावर धूळ असते, सावली असते, मागं दुसरी पानं असतात. आणि त्या १४ पिकांत कापूस नाहीच. सोयाबीन आहे, तेही फक्त निरोगी पानांचं.

त्या अंकातला निबंध उघडा आणि असं एक तरी वाक्य सापडतं का बघा, की आमचं इथं चुकतं, इथं चालत नाही. नसेल तर पुढं वाचायची गरज नाही.

—

वर्धेकर:

ताई, तुमचा निष्कर्ष वाचून मी खुर्चीतून उठलो. मी शेती अर्थशास्त्र शिकवतो. तुमच्याच प्रश्नावर आपल्याच राज्यात मोठं काम झालंय आणि ते तुम्ही वाचलेलं नसावं.

मार्सेल फाफशांप्स आणि बार्ट मिंटेन या दोघांनी महाराष्ट्रातल्या १०० गावांत प्रयोग केला. काही शेतकऱ्यांना मोबाइलवर एसएमएसनं बाजारभाव आणि हवामानाची माहिती दिली, काहींना नाही. पिकांत सोयाबीनही होतं. निबंध २०१२ मध्ये छापून आला. निष्कर्ष असा की शेतकऱ्यांना मिळालेल्या भावावर ठळक परिणाम दिसला नाही. एवढा खर्च करून "फरक पडला नाही" असं लिहिणं आणि ते छापलं जाणं, हे मी विद्यार्थ्यांना दरवर्षी दाखवतो.

उलट बाजूनं अपराजिता गोयल यांचा २०१० चा निबंध. मध्य प्रदेशात कंपनीनं गावागावांत संगणक केंद्रं लावली, भाव कळू लागला आणि त्याच कंपनीनं थेट खरेदीही केली. तिथं मंडीतला सोयाबीनचा भाव १ ते ३ टक्क्यांनी वाढला. म्हणजे एकीकडे नुसती माहिती, दुसरीकडे माहितीसोबत दुसरा गिऱ्हाईक. तुमची आजी या दोन्हींच्या मधला धागा सांगते आहे. रोकड. तुमचा निबंध या दोघांसमोर उभा करा, मग तो खरा शोधनिबंध होईल. त्याला सहा महिने लागतील आणि परीक्षक दोनदा परत पाठवतील. पाठवू द्या.

त्या अंकातल्या बाकीच्या विषयांतही चांगलं काम पडलेलं आहे. महिला आरक्षणावर चट्टोपाध्याय आणि डुफ्लो यांचा २००४ चा निबंध वाचा. पश्चिम बंगाल आणि राजस्थानात महिला सरपंच असलेल्या ठिकाणी पिण्याच्या पाण्यावर जास्त खर्च झाला, हे त्यांनी मोजून दाखवलं. आपल्याकडे तर पंचायतीत निम्म्या जागा महिलांच्या आहेत.

—

ग्रंथपाल_अकोला:

वाचायचं कुठून ते राहिलं. "एक राष्ट्र एक सदस्यता" ही केंद्राची योजना १ जानेवारी २०२५ पासून सुरू झाली. जवळपास १३,००० नियतकालिकं, पण सध्या सरकारी संस्थांसाठी. तुमचं कॉलेज खाजगी अनुदानित असेल तर ग्रंथपालांना एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ई-नियतकालिकं वाचायला देणाऱ्या योजनेचं, विचारा. सभासदत्व बरेचदा भरलेलं असतं आणि लॉगिन कुणी मागतच नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात पीएच.डी.ची विद्यार्थिनी म्हणून तुमचा हक्क आहे, तिथं एक दिवस काढून या. भारतातले पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या संकेतस्थळावर फुकट आहेत. शेती अर्थशास्त्राचं बरंचसं एगइकॉन सर्च या खुल्या संग्रहात मिळतं. आणि काहीच नाही मिळालं तर लेखकाला मेल करा. बहुतेक जण आनंदानं पाठवतात.

—

पऱ्हाटी:

सगळ्यांचे मनापासून आभार. सर, ताई म्हणालात, बरं वाटलं.

फॉर्म भरला नव्हता. शुक्रवारी मागे घ्यायचा मेल केला. त्यांचं उत्तर आलं, ५०० रुपये भरा म्हणून. भरले नाहीत. संपादक मंडळातली तीन नावं शोधली, एकाच्याही पानावर उल्लेख नाही. डायरेक्शनची प्रत सरांनी सोमवारी मागवून घेतली. आमच्याकडे अट आता सक्तीची नाही. सरांनाही ते माहीत नव्हतं, ते थोडा वेळ गप्पच झाले आणि मग म्हणाले, "चांगल्या ठिकाणी द्या, मी थांबतो."

एन-लिस्टचं लॉगिन आमच्या ग्रंथपाल मॅडमनी दहा मिनिटांत काढून दिलं. फाफशांप्स-मिंटेन वाचला. रात्री लाईट जात होती, मोबाइलवर वाचला, तक्ते मोठे करून करून. इंग्रजी जड गेलं, पण पिकांच्या तक्त्याशी आले आणि सोयाबीन दिसलं तेव्हा आपल्या ओळखीचं कुणीतरी भेटल्यासारखं वाटलं.

आता एक काम उरलंय. कंपनीच्या सभासदांना पैसे किती दिवसांनी मिळाले हा प्रश्न मी पहिल्या हंगामात विचारलाच नव्हता, दुसऱ्याच हंगामात विचारला. म्हणजे अर्ध्या लोकांची ती माहिती नाही. त्यांच्याकडे परत जाऊन जुन्या हंगामाचं आठवून सांगा म्हणू, की तो अर्धा भाग बाजूला ठेवून दुसऱ्या हंगामावरच लिहू? वर्धेकर सर, किंवा ज्यांनी असं क्षेत्रकाम केलंय त्यांनी सांगा. तुरीची कापणी संपली की लोक घरी सापडतात, म्हणून जायचं असेल तर मला याच महिन्यात जावं लागेल.