सरवा वेचणं म्हणजे चोरी नव्हे

वर एकाने लिहिलंय की रस्ट या ऑनलाइन गेममध्ये सोडून दिलेले बेस, म्हणजे खेळाडूंनी बांधलेली घरं, धुंडाळणं ही चोरीच. मला हे अजिबात पटत नाही. आमच्या यवतमाळकडे तुरीची रास घरी गेली की बाया शेतात सरवा, म्हणजे मागे राहिलेल्या शेंगा, वेचायला जातात. आजी म्हणायची, "रास उठली का मंग सरवा वेचनाऱ्याचा." बेसचंही तसंच आहे. टूल कबर्डमधला, म्हणजे घर टिकवायला सामान ठेवतात त्या कपाटातला, माल संपला की घर आपोआप झिजायला लागतं. लाकडी भिंत ३ तासांत जाते, दगडी ५, पत्र्याची ८ तासांत. भिंत पडलीय म्हणजे मालक बराच वेळ फिरकलेलाच नाही.

परवा रात्री नदीकाठी अशीच एक दगडी खोली सापडली. एक बाजू गळालेली, भट्टीत कोळसा, पेटीत थोडं कापड, कोपऱ्यात स्लीपिंग बॅग अंथरलेली. कोळसा, कापड घेतलं. बॅगेला हात लावला नाही. गावात दोन दिवस लाइट नसली की माझाही बेस असाच पडतो, आणि परत आल्यावर, गेममध्ये मेलो तर पुन्हा उठायला निदान ती बॅगेची जागा लागते. उभी भिंत फोडून आत शिरणं वेगळं, ते मी करत नाही.